देवघरात राहिलेला जॅक

ईरा आणि निनाद,

गाडीचा जॅक देवघरात काय करत होता, हे निनादने त्या दिवशी फोनवर पुन्हा पुन्हा विचारलं. तुमचा बाबा इतका हसत होता की माझं उत्तर त्यातच बुडून गेलं. ते एका वाक्यात सांगण्यासारखं नव्हतंच. म्हणून घरी आल्यावर सामान जागच्या जागी लावलं, कपडे धुवायला टाकले आणि हे लिहायला घेतलं; पुरं होईपर्यंत दोन-तीन रविवार गेले. तुम्ही दोघं रायपूरच्या पुढे कधी गेला नाहीत, तेव्हा बस्तरचा रस्ताही यातच बघून घ्या.

रायपूर, तात्यापारा, निघण्याआधी

आपल्या गाडीला 'पेढा' हे नाव तुम्हीच मागच्या भेटीत ठेवलंत, तिच्या रंगावरून. तो पेढा विकायचा असं बाबाने ठरवून टाकलं होतं. पंडरीतल्या एका कापडाच्या व्यापाऱ्याला लेकीला शिकायला छोटी गाडी हवी होती. बाबाचं म्हणणं, आई आता बाहत्तर वर्षांची आहे, रिक्षा बोलवत जावी. मी म्हटलं, रिक्षा बोलवता येते, पण मग कुठे जायचं याच्या आधी कोण नेईल हे ठरवावं लागतं. मला उलटं आवडतं.

बोलणं लांबत गेलं तशी मीच एक सौदा मांडला. मी पेढ्यातून चित्रकोटचा धबधबा बघून येते. इतकी वर्षं रायपुरात राहून तो बघितलेला नाही. वाटेत आम्हाला आणायला कुणाला यावं लागलं, किंवा गाडी ओढून न्यावी लागली, तर परत आल्यावर चावी मी स्वतः पंडरीला नेऊन देईन.

"आणि नाही लागलं तर?" बाबाने विचारलं.

"तर हा विषय तू काढायचा नाहीस."

त्याने कबूल केलं. आपण हरत नाही असं त्याला वाटलं असावं. मला तर खात्रीच होती.

खात्री होती ती रविवारमुळे. दर रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, मी बॉनेट उघडते. ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवून बघते, कूलंट आणि ब्रेक ऑइल खुणेपर्यंत आहे ना ते पाहते, वायपरचं पाणी भरते. मग गेज लावून टायरची हवा. शेवटी सगळे दिवे. त्यासाठी मला मागे उभं राहणारं माणूस लागतं, आणि ते माणूस म्हणजे आत्या. बाबाची आत्या, तुमच्या आजोबांची धाकटी बहीण कमल. आपल्या घरात लहानमोठे सगळेच तिला आत्या म्हणतात. ती नागपूरची. तिथली नोकरी संपल्यावर माझ्याकडे राहायला आली, आणि आली तशीच बोलते. मी ब्रेक दाबला की ती मागून सांगते, "लाल लागला, वहिनी, दोन्हीकडं लागला." आणि मग हळूच, "आता चहा ठेवू?"

आमच्या घरात कामाची वाटणी पक्की आहे. गाडी माझी, देव तिचे. मी तिच्या पूजेत लुडबुड करत नाही, ती माझ्या बॉनेटमध्ये डोकावत नाही. या वाटणीचा मला अभिमान होता. तो लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता खंडेनवमी. तुमच्या तिकडे परदेशात ती नसते म्हणून सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ज्या हत्यारांवर घर चालतं त्यांची पूजा करायची. तुमचे पणजोबा रेल्वेत होते, ते पाने आणि हातोडे मांडत. आम्ही विळी, कात्री, शिवणाचं मशीन आणि माझा लॅपटॉप मांडतो. हळदकुंकू लावलं की दसऱ्यापर्यंत त्यांना विश्रांती. यंदा आत्या म्हणाली, गाडीला आपण हार घालतो, पण गाडीच्या हत्याराचं काय? मला ते पटलं. मी डिकीतून जॅक काढला, रॉकेलने पुसला, दांड्याला जरा ग्रीस लावलं आणि तिच्या हवाली केला. नट खोलायचा पाना पिशवीत बांधलेला होता, तो तिथेच राहू दिला. जॅक गणपतीच्या बाजूला पाटावर बसला. लाल कुंकवाचा टिळा, वर झेंडू. खरंच छान दिसत होता.

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं द्यायला माणसांची रीघ लागली, आणि मग आम्ही प्रवासाच्या तयारीला लागलो.

निघायच्या आदल्या रविवारी मी सगळं तपासलं. स्टेपनीची हवासुद्धा, जी बहुतेक लोक विसरतात. जॅकचा कप्पा स्टेपनीच्या बाजूला झाकणाखाली असतो. ते झाकण मी उघडलं नाही, कारण जॅक नुकताच माझ्याच हाताने पुसलेला होता. इतक्या स्वच्छ वस्तूची काळजी कोण करतं?

रायपूर ते कांकेर

घराची किल्ली शेजारच्या साहू भाभींकडे दिली. देवापाशी दिवा लावायचं त्यांनी आपणहून अंगावर घेतलं, आणि वर ठेठरी-खुरमीचा मोठा डबा दिला. खुरमी म्हणजे आपल्या शंकरपाळ्याची गुळातली बहीण. ठेठरी बेसनाची, कडबोळ्यासारखी वळलेली, पण अंगाने जाड आणि स्वभावाने कडक. आत्याने अभनपूर यायच्या आत डबा उघडला. मी म्हटलं, कमल, हे परतीपर्यंत पुरवायचं आहे. ती म्हणाली, "वाटेत काही झालं तर खायले ठेवू म्हणून चाखून राहिली. कडक असन तर टिकते."

सकाळ इतकी सुंदर होती की माझ्या नेहमीच्या चालीपेक्षाही मी हळू चालवत होते. दोन्ही बाजूंना धान पिवळं पडत आलेलं, लोंब्या खाली वाकलेल्या. रस्त्याच्या मधोमध गाई बसलेल्या असतात, आणि हॉर्नने त्या उठत नाहीत. त्यांना वळसा घालायचा. आत्या प्रत्येक गाईला हात जोडत होती, त्यामुळे पुढे गाय आहे हे मला आधीच कळत होतं.

धमतरीला बस थांबते तिथे उडदाचे गरम बडे खाल्ले. आपल्या मेदूवड्यासारखे, पण भोक नसलेले, आणि सोबत टोमॅटोची अशी चटणी की कान गरम व्हावेत. मग गंगरेलचं धरण. महानदी तिथे नदी न राहता समुद्राचं सोंग घेते. आत्याने मासे पकडणाऱ्या एका बाईशी माशांच्या भावावरून मनसोक्त गप्पा मारल्या. ती मासे खात नाही.

कांकेरला जेवलो. निघताना मी चारही चाकांभोवती फेरी मारली, तशी लांबच्या प्रवासात प्रत्येक थांब्यावर मारते. सगळं ठीक होतं.

केशकाळच्या पायथ्याशी

कांकेर सोडल्यावर डोंगर जवळ येऊ लागतात आणि सरईची, म्हणजे सालाची, झाडं सुरू होतात. घाट लागायला थोडं अंतर उरलं होतं. तेवढ्यात गाडी डावीकडे ओढू लागली, मागून थपथप आवाज आला. ब्रेक जोरात दाबायचा नाही, स्टिअरिंग घट्ट धरायचं, वेग आपोआप कमी होऊ द्यायचा. मी तेच केलं आणि रस्त्याच्या कडेला सपाट जागी गाडी उभी केली.

"काहून थांबवली?" आत्याने विचारलं. तिच्या मांडीवर डबा होता.

मागचं डावं चाक बसलं होतं. टायरमध्ये लोखंडाचा एक वाकडा तुकडा घुसला होता. मला, खरं सांगते, आनंद झाला. पंक्चर म्हणजे काही गाडी बंद पडणं नव्हे, आणि बाबाला सांगायला मस्त गोष्ट झाली. मी चारही इंडिकेटर लावले, लाल त्रिकोण मागे बऱ्याच अंतरावर नेऊन ठेवला, हँडब्रेक ओढला, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, पुढच्या चाकांना दगड लावले. आत्याला रस्त्यापासून दूर झाडाखाली बसवलं. बॅगा उतरवल्या, डिकीतली गादी उचलली. स्टेपनी टणक होती. पाना होता. जॅकच्या कप्प्याचं झाकण उघडलं. कप्पा रिकामा.

मी तिथेच उभी राहिले. आत्या उठून आली, आत बघितलं आणि माझ्याकडे बघितलं.

"तो तर देवघरात हाय," ती म्हणाली. "गणपतीच्या बाजूले. निघताना मी त्याले फूल वाह्यलं."

"म्हणजे दसऱ्यापासून तू तो रोज बघते आहेस?"

"रोज."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"वहिनी, तुझी एवढी शिस्त. मले वाटलं, ठेवला असन तर मुद्दामच ठेवला असन. तुले कोण विचारन?"

गाडी माझी, देव तिचे, आणि जॅक दोन्हीच्या मधल्या उंबरठ्यावर राहिला होता. मला हसू आलं, ते थांबेना. ती आधी घाबरून बघत राहिली आणि मग तीही हसू लागली.

पण हसणं ओसरल्यावर परिस्थिती साधी होती. गाडी ओढून नेणाऱ्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता आणि फोनला रेंज होती. तो नंबर लावला की पेढा गेला. न लावता किती वेळ बसायचं, हे मी तिथल्या तिथे ठरवलं. घाट मी अंधारात चढणार नव्हते, आणि रस्त्याच्या कडेला अंधारात दोन बायकांनी थांबणं तर त्याहून मूर्खपणाचं. ऊन समोरच्या सरईच्या शेंड्यांवर गेलं की फोन करायचा. आत्याला तसं सांगितलं.

"आणि चावी?" तिने विचारलं.

"चावी पंडरीला."

तिने हात जोडले. देवाचं नाव घेत असावी. मी ऊन बघत होते. ते झाडांच्या बुंध्यांवरून वर सरकू लागलं होतं.

पहिल्यांदा एक ट्रक थांबला. ड्रायव्हर भला होता, त्याने आपला जॅक काढून आणला, पण तो इतका उंच की बसलेल्या चाकापाशी गाडीखाली शिरेचना. मग एक कोरी चकचकीत गाडी थांबली. आत नवरा-बायको, दुर्गला निघालेले. नवऱ्याने उत्साहाने डिकी उघडली आणि मग बराच वेळ आत बघत राहिला. त्याच्या गाडीत स्टेपनीच दिलेली नव्हती, आणि हे त्याला आमच्यासमोर कळलं. बायको त्याच्याकडे जशी बघत होती त्यावरून दुर्गपर्यंतचा त्यांचा प्रवास मजेत झाला नसावा.

ऊन खोडांच्या वरच्या फांद्यांवर पोचलं. मी फोन पिशवीतून काढून हातात घेतला.

तेवढ्यात आठवडी बाजारातून परतणारी एक जीप आली, आत खच्चून बायका, टोपल्या आणि एक कोंबडी. आत्या सरळ रस्त्याच्या कडेला जाऊन हात हलवू लागली. जीप थांबली. ड्रायव्हर तरणा माणूस, गळ्यात लाल गमछा. जॅक आहे का विचारलं, तर म्हणाला, "हव, हे न, दाई." आणि जॅक घेऊन खाली उतरला. दाई म्हणजे आई. तो आमच्याच जॅकसारखा, बुटका.

त्याने लगेच बाह्या सावरल्या. मी म्हटलं, भैया, जॅक तुझा, काम माझं. तो हसला आणि बाजूला झाला, पण सल्ला द्यायचं सोडलं नाही. मी पाना नटाला लावला, तर म्हणाला, "पहिली गाड़ी ला उठाव दाई, तहाँ नट खोलबे." मी त्याला समजावलं की चाक जमिनीवर आहे तोवरच नट सैल करायचे. गाडी वर उचलल्यावर जोर लावला तर ती जॅकवरून घसरते. तो जरा विचारात पडला आणि मान हलवली.

बायका खाली उतरून ओळीने गवतावर बसल्या. आत्याने डबा फिरवला. कुणीतरी म्हणालं, ही डोकरी तर मिस्त्री निघाली. डोकरी म्हणजे म्हातारी. मला त्यातला मिस्त्री एवढा आवडला की डोकरीचं काही वाटलं नाही.

नट सुटत गेले. एक मात्र हलेना. गॅरेजमध्ये मशीनने तो इतका आवळला होता की मी दोन्ही हातांनी लोंबकळले तरी ढिम्म. ड्रायव्हर पुढे झाला. त्याने केलं असतं तरी सौदा मोडत नव्हता, तरी मी क्षणभर थांबले. तेव्हा आत्या उठली. हातावरची खुरमीची पूड झटकली.

"सरक, वहिनी."

"तुझा गुडघा, कमल."

"गुडघा नाही लावून राहिली. वजन लावून राहिली." तिने माझा खांदा धरला, पान्याच्या दांड्यावर पाय ठेवला आणि सगळी उभी राहिली. "तुझ्या नवऱ्यानं जल्मभर मले हत्ती म्हटलं. बघू दे आता वरून."

कर्र असा आवाज आला आणि नट सुटला. बायकांनी टाळ्या वाजवल्या, कोंबडी ओरडली, आणि आत्या पान्यावरून उतरून अशी उभी राहिली की जणू तिचाच सत्कार चालू आहे. चालूच होता.

पुढचं सोपं. जॅक लावला, चाक वर आलं, काढलेलं टायर बाजूला घेतलं, स्टेपनी बसवली, नट हाताने फिरवले, गाडी खाली घेतली आणि मग समोरासमोरचे नट आलटून पालटून आवळले. शेवटच्या नटावर आत्या पुन्हा उभी राहायला आली, तिला आवरावं लागलं. ड्रायव्हरने काही घ्यायला नकार दिला. उरलेला डबा बायकांनी मात्र न लाजता घेतला, रिकामा करून परत दिला.

सरईच्या शेंड्यांवर तेव्हा सोनेरी ऊन होतं. मी फोन पिशवीत टाकला.

घाटात देवीचं देऊळ आहे, तिथे प्रत्येक ड्रायव्हर थांबतो. अजून उजेड होता, म्हणून आम्हीही थांबलो. आत्याने चाकाखाली ठेवायला लिंबू मागितलं, आणि आज मी तिला नाही म्हटलं नाही. घाटमाथ्यावर आधी पंक्चर काढून घेतलं. स्टेपनी वापरली की ती लगेच पुन्हा तयार करायची. दुसरं पंक्चर पहिल्याची चौकशी करून येत नाही.

जगदलपूर आणि चित्रकोट

रात्री कोंडागावला राहून सकाळी जगदलपूर गाठलं. तिथल्या दसऱ्यात रावण जाळत नाहीत. देवीसाठी लाकडाचा भलामोठा रथ बांधतात आणि माणसं तो दोरांनी ओढतात. आणि काय सांगू, बांधायला लागण्याआधी पहिल्या ओंडक्याची आणि हत्यारांची पूजा करतात. आत्याला हे ऐकून फार बरं वाटलं. रथ अजून उभा होता, चाकं आमच्या डोक्याच्या वर. मी वाकून कणा बघत होते. आत्या म्हणाली, "याची स्टेपनी कुठं हाय?" शेजारी उभे असलेले दोन पोलीस हसले.

बाजारात लाल मुंग्यांची चटणी मिळते, चापडा म्हणतात. मी चाखली. आंबट, झणझणीत, कैरीच्या जवळची. आत्या म्हणाली, मुंग्यांना ती साखर घालत आली आहे, आता त्यांना खाणार नाही.

आणि मग चित्रकोट. इंद्रावती शांतपणे, रुंद पसरून वाहत येते, आणि अचानक घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कड्यावरून सगळीच्या सगळी खाली उडी घेते. पाणी अजून थोडं तांबूस होतं. तुषार चष्म्यावर येत होते, मी पुसत होते, पुन्हा येत होते, शेवटी पुसायचं सोडून दिलं. आत्याने पदर डोक्यावर घेतला आणि नुसती बघत राहिली. म्हणाली, आपण आपल्या गाडीनं आलो.

त्याच वेळी तुमचा फोन आला. तुमची तेव्हा झोपायची वेळ होत आली होती. आत्याने मला कोपर मारलं आणि हळूच म्हटलं, "पंक्चरचं सांग, जॅकचं सांगू नको." पण सौदा मी केला होता, निवाडा बाबाचा होता, आणि अर्ध्या गोष्टीवर निवाडा होत नाही. मी सगळं सांगितलं. देवघर, ट्रक, कोंबडी, आत्याचं वजन. सगळं.

बाबा म्हणाला, "आई, थांब जरा."

पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुम्ही दोघं रात्रीच्या कपड्यांत त्याच्या मागे गॅरेजमध्ये गेलात. ईराने फोन धरला होता, म्हणून मला फक्त छत दिसत होतं. डिकी उघडल्याचा आवाज आला. निनाद म्हणाला, बाबा, हे मऊ आहे. मग बाबाचा चेहरा दिसला, अगदी लहानपणचा.

"आई, आमची स्टेपनी बसलेली आहे."

"आणि जॅक?"

"जॅक सापडत नाहीये."

धबधब्याच्या आवाजातही आत्याचं हसणं तुम्हाला ऐकू गेलं असेल. ती फोनपाशी येऊन म्हणाली, "देवघरात बघ रे, पोट्ट्या." तेव्हापासून तो जो हसत सुटला तो निनादच्या प्रश्नावरचं माझं उत्तर बुडेपर्यंत. मध्येच एकदा त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, पंडरीच्या माणसाला मी उद्याच नाही म्हणून कळवतो.

परत तात्यापारा

परतीच्या वाटेवर काहीच झालं नाही, त्यामुळे लिहीत नाही. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, एवढंच.

साहू भाभी किल्ली घेऊन आल्या. देवघरात दिवा तेवत होता. गणपतीच्या बाजूला जॅक होता, त्याच्या कपाळी ताजं कुंकू, वर जास्वंदीचं ताजं फूल, समोर बत्तासा. भाभींनी आमच्या पाठीमागे त्याची रोज नेमाने पूजा केली होती.

"दीदी, ये कौन-से भगवान हैं, हमको मालूम नहीं था," त्या जरा संकोचून म्हणाल्या. "सोचा, आप मराठी लोगों में चलता होगा."

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो, चलता है.

फूल आणि बत्तासा मी साहू भाभींच्या हातात प्रसाद म्हणून दिला. मग जॅक उचलला, डिकी उघडली आणि झाकणाखाली त्याच्या जागी ठेवला. कुंकू पुसलं नाही. पुढच्या खंडेनवमीला तो घरात येणार नाही, हळदकुंकू डिकीपाशी जाईल. आत्याने हे मान्य केलं आहे, आणि दर रविवारी दिवे बघून झाले की झाकण तीच उघडते. मी ड्रायव्हरच्या जागेवर बसून वाट बघते. मागून आवाज येतो, "हाय, वहिनी. जागेवर हाय." मग ती चहा ठेवायला जाते.

तुमच्या डिकीत जॅक मिळाला का, ते कळवा.

आजी